मामीच्या चार रेघा

माझ्या मामाची नवी होडी मी चिखलात बसवायला निघालो होतो, आणि त्याचं कारण एवढंच की रोज दोन भरत्या येतात असं मी धरून चाललो होतो. येतातच की, असं तुम्हीही म्हणाल. शाळेच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. मीही तेच पाठ करून पास झालो, पुढे संख्याशास्त्र घेतलं, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचेपर्यंत रत्नागिरीत कॉम्प्युटर चालू करून पुन्हा बंद करता येणाऱ्या मोजक्या लोकांत माझी गणना व्हायला लागली. त्या वयात डोक्यात हवा जायला एवढं पुरतं. मला तर एवढंही लागलं नसतं.

माझं घर लांज्याच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. वडील शिक्षक. समुद्र आम्हाला जत्रेला गेल्यावर दिसायचा तेवढाच. कॉलेजसाठी मी मामाकडे राहिलो आणि एकदम पाण्यातच जाऊन पडलो, कारण मामाचं घर भाट्याच्या खाडीवर होतं. मागचं दार उघडलं की पाच पावलांवर दगडी पायऱ्या, आणि पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या. पहिले आठ-दहा दिवस मला झोप लागेना. पाणी पायऱ्यांशी सारखं काहीतरी पुटपुटत असायचं, मधेच एखादी होडी दगडाला घासायची, आणि पहाटे मामी तांदळाची भाकरी थापायला बसली की तो थप-थप आवाज आणि पाण्याचा आवाज एकमेकांत मिसळून जायचे. मामी भाकरी थापताना बोलत नसे. मामा मात्र अखंड बोलत असे. वीस वर्षं मुंबईत गिरणीच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला हळू बोलणं जमतच नव्हतं. गिरणी बंद पडली, मामा परत आला, आणि हाती आलं ते सगळं त्याने एका होडीत घातलं. स्वतः तो कधी मासेमारीला गेलेला नव्हता. गिरणीतल्या साच्यावर विणल्या जाणाऱ्या कापडाचा ताण बोटाने ओळखणारा माणूस, त्याला वारा कुठून येतोय हे मामी सांगायची.

मामी सातवी शिकलेली. तिचा बाप तांडेल होता, म्हणजे होडीवरचा मुख्य. त्याने मुलीला दोन गोष्टी शिकवल्या: पाणी आणि पाऊणकी. पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा; तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे मला फार नंतर कळलं. आमच्या पिढीने तो शाळेत ऐकलासुद्धा नाही. मामी तो चुलीपुढे बसून गुणगुणायची, कुळथाची पिठी ढवळताना, सुकट निवडताना. मला वाटायचं ती देवाचं काहीतरी म्हणते आहे. तिच्या हातची पिठी मी नंतर कुठेच खाल्ली नाही. वरून कच्चं खोबरेल तेल, शेजारी भाजलेला सुका बांगडा, आणि बाहेर खाडीवर पावसाची सर. पण जेवणाकडे वळलो की मी तिथेच बसून राहीन, तेव्हा मुद्द्यावर येतो.

आमच्या कॉलेजच्या सरांनी मामीला एक वही दिलेली होती. पायऱ्यांवर पाणी किती वाजता सगळ्यांत वर येतं ते रोज लिहायचं. एका दिवसाला एक ओळ, ओळीत दोन रकाने: पहिलं पाणी आणि दुसरं पाणी. गजराचं एक घड्याळ सरांनीच आणून दिलं होतं. तिने दोन वर्षं एक दिवस न चुकता ते लिहिलं. मध्यरात्रीचं पाणी कसं कळतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गप्प होतं ना ते. चढताना बोलतं, उतरताना बोलतं, भरलं की गप्प. मग जाग येते." आवाजाने जागे होणारे लोक मी पुष्कळ पाहिले होते. आवाज थांबल्यामुळे जागी होणारी ही एकटीच.

कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला एक स्वतंत्र थंड खोली मिळाली आणि आम्हाला दाराबाहेर चपला काढाव्या लागल्या. देवघरात शिरल्यासारखे आम्ही आत जायचो. सर म्हणाले, "दिगंबर, मामींची वही घे, सगळी आत टाईप कर, आणि पुढच्या भरत्यांच्या वेळा काढून दाखव." झालं. मी वटपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात बसलो. मागच्या भरतीची वेळ पुढच्या भरतीतून वजा केली, असं शेकडो वेळा केलं, सरासरी काढली. बारा तास पंचवीस मिनिटं. इथपर्यंत माझं अभिनंदन करायला हरकत नाही.

पण त्या वहीत एक खोट होती. म्हणजे मला ती खोट वाटली. साधारण पंधरा दिवसांतून एकदा, कुठल्यातरी एका तारखेला, दुसऱ्या रकान्यात वेळच नाही. नुसती आडवी रेघ. मी काय समजावं? मी समजलो, मामीला झोप लागली. बिचारी दिवसभर राबते, लागणारच. त्या ओळी आल्या की माझी वजाबाकी भलतीच उत्तरं देत होती, म्हणून मी त्या सगळ्या ओळी गाळून टाकल्या. मामीला मात्र ह्यातलं एक अक्षर बोललो नाही. तिची लाज राखायची म्हणून! आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात. ज्या बाईला पाण्याच्या गप्प होण्याने जाग येत होती, तिची झोप मी उदार मनाने पोटात घातली.

मग प्रोग्रॅम लिहिला. आत्ता सांगतो तेवढा तो साधा होता. आजच्या तारखेची पहिली भरती घ्यायची, तीत बारा तास पंचवीस मिनिटं मिळवायची, की झाली दुसरी. तीत पुन्हा तेवढंच मिळवायचं, की झाली उद्याची पहिली. बेरीज चोवीसच्या वर गेली तर चोवीस वजा करायचे. आणि दोन भरत्या छापून झाल्या की तारीख एकाने पुढे. सरळ आहे ना? पहिल्या आठवड्यातले आकडे मामीच्या वहीशी ताडून पाहिले तर तंतोतंत. मी पुढचं ताडायचं सोडून दिलं आणि दिवाळीपर्यंतच्या भरत्या छापून काढल्या. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद छपाई यंत्रातून कर्रकर्र करत बाहेर पडला तेव्हा मला माझ्याबद्दल फार आदर वाटला. तो आदर दोन महिने टिकला.

मामाला माझ्याहून जास्त वाटला. त्याने तो कागद होडीच्या शेडमध्ये खांबाला ठोकला. होडी आता तयार होत आली होती. खाडीकाठी जरा उंचावर तिचं काम चालू होतं आणि ते करत होते धाकू मिस्त्री. बारीक, काळे, कानाला पेन्सिल, आणि बोलणं रंध्यासारखं: एकदा फिरलं की साल निघालीच. होडी श्रावणातल्या पौर्णिमेला पाण्यात ढकलायची असं ठरलं होतं, पण इंजिनाचा शाफ्ट मुंबईहून वेळेवर आला नाही. तो बसवेपर्यंत द्वितीया उजाडणार होती. द्वितीया म्हणजे अगदी शेवटचा दिवस. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यांत वर चढतं, दोन दिवस टिकतं, मग उतरणीला लागतं. त्यानंतर ते होडीच्या बुडापर्यंत पोचणारच नव्हतं. पुढचं मोठं पाणी पिठोरी अमावास्येला, आणि अमावास्येला मामा नवी होडी पाण्यात घालणार नाही. त्याच्या पुढचं भाद्रपदातल्या पुनवेला, ती पितृपक्षाला चिकटलेली. म्हणजे एकदम कोजागिरी. तोवर मोसमाचे चांगले दिवस गेले असते, ठरवलेले खलाशी दुसऱ्या होड्यांवर चढले असते, आणि मामाची वीस वर्षं शेडमध्ये उभी राहिली असती. हे सगळं मामा रोज रात्री जेवताना मोठ्या आवाजात सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "पण आपल्याला काय भीती? आपला भाचा हाय!"

मामीने हेदवीच्या दशभुजा गणपतीला नवस केला होता, होडी पाण्यात जायच्या आधी नारळ आणून पुढे बांधीन म्हणून. ती आदल्या दिवशी गेली. जाताना मामाला एवढंच म्हणाली, "मी पाण्याच्या आत येते." पाणी किती वाजता, हे तिने सांगितलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेल हे काय कोणी सांगून जातं?

द्वितीयेच्या सकाळी कागदावर आकडा होता दोन वाजून पंचवीस मिनिटं. मामाने त्यावर बोट ठेवून सगळा बेत आखला. ढकलायला तीसेक माणसं बोलावली होती. आधी पूजा, मग साडेबाराला पंगत, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, मग थोडी विश्रांती, आणि दोनला सगळे होडीला. धाकू मिस्त्रींनी सकाळीच ओंडके लावून त्यांना तेल चोपडून ठेवलं होतं. ते म्हणाले, "येशवंता, पाणी जेवणाच्या येळेला येणार. पंगत मागनं घाल."

"मिस्त्री," मामा म्हणाला, "दोन पंचवीस. मिनिटासकट लिहिलंय. तुमच्याकडं मिनिटं हायत?"

"माझ्याकडं पाणी हाय," मिस्त्री म्हणाले.

"ते कॉम्प्युटर हाय मिस्त्री! त्याला चपला काढून जावं लागतं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी विनयाने मान खाली घातली. विनय म्हणजे अर्थात गर्वच, फक्त खाली बघणारा. मिस्त्री होडीच्या सावलीत जाऊन बसले, विडी पेटवली, आणि पंगतीला आलेच नाहीत.

आम्ही शेडच्या मागे मांडवात जेवत होतो. पावसाची एक सर येऊन गेली होती, ऊन पडलं होतं, ताडपत्रीवरून थेंब गळत होते. मी वाढत होतो, कारण त्या दिवशी मी घरचा आणि शिवाय विद्वान. तेवढ्यात मामी आली. हेदवीहून चालत-बसत, तवसाळला तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, पकडून, जयगडहून एस.टी.ने, हातात पिशवी, पिशवीत नारळ. तिने आधी खाडीकडे पाहिलं, मग पानांवर बसलेल्या तीस माणसांकडे.

"अहो, हे काय चाललंय?"

"ये, ये. पान वाढू? पाणी दोन पंचवीसला हाय," मामा म्हणाला.

"कुणाचं पाणी?" मामी म्हणाली. "आज द्वितीया. पुनवेपर्यंत पंधरा नि वर दोन, सतरा. सतरा पाऊणे पावणेतेरा. पावणेएकला भरणार, आता साडेबारा झाले."

मामाच्या हातातला वडा तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वाटाण्याच्या पातेल्याकडे पाहिलं. मग तो ओरडला, "उठा रे, उठा!" आणि तीस माणसं खरकट्या हातांनी उठली. पण मामी आडवी आली. मला ती अजून तशीच दिसते: प्रवासाने चुरगळलेलं लुगडं, पिशवी काखेत, आणि एक हात वर केलेला.

"कशाला पळता? अजून वीतभर चढायचं हाय. पंधरा मिनिटं हायत. हात धुवा, तोंडातला घास गिळा, आणि मग या. उपाशी नि घाबरलेला माणूस होडी वाकडी ढकलतो."

ती पुढे गेली. मिस्त्री अजून विडी ओढत बसले होते आणि पाणी त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर आलं होतं.

"मिस्त्री, तुमी तरी सांगायचं!"

"मी सांगितला. मला कागद दाखवलान्."

मामीने नारळ होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बांधला, पदर खोचला आणि ती सरळ पाण्यात उतरली. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तिने एका दगडावर हात ठेवला. आम्ही सगळे होडीला दोन्ही बाजूंनी भिडलो. मामाचा धीर सुटत होता. "ढकलू?" "नको." "आता?" "नको म्हटलं ना." ओंडक्यांच्या तेलाला माशांचा उग्र वास येत होता. आणि मग मी ते ऐकलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं. दगडांमधली ती पुटपुट, जिच्यामुळे मला सुरुवातीला झोप येत नव्हती, ती बंद झाली.

"आता," मामी म्हणाली.

मिस्त्रींनी आरोळी दिली, तीस खांदे एकदम लागले, ओंडके कुरकुरले, आणि होडी सरकली. अर्ध्यावर एक ओंडका तिरका झाला. मिस्त्रींनी लाथ घालून तो सरळ केला. दुसरी आरोळी, तिसरी, आणि होडीचं बूड पाण्याने उचललं. एवढा मोठा लाकडाचा डोंगर, एका क्षणात त्याचं वजनच गेलं. माझे हात पुढे जाऊन हवेत राहिले आणि मी तोंडावर पाण्यात पडलो. वर आलो तेव्हा मामा रडत होता आणि मामी त्याला सांगत होती, दोर धरा आधी, दोर.

दोन पंचवीसला मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. पाणी हातभर खाली गेलं होतं. होडी जिथे अडकली असती तिथला चिखल उघडा पडून चमकत होता.

संध्याकाळी मी वही आणि कागद दोन्ही घेऊन मामीपुढे बसलो. ती सुकट निवडत होती. मी म्हटलं, "मामी, माझं कुठं चुकलं?" ह्या वाक्याला मला त्या वयात किती कष्ट पडले हे तरुणांना कळेल.

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "ह्यात रेघा कुठे हायत?"

"कुठल्या रेघा?"

"माझ्या."

"त्या... त्या मी गाळल्या. मला वाटलं, तुला झोप लागली असेल."

तिचा हात थांबला. रागावली नाही, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं की ती रागावती तर बरं झालं असतं. मग वही ओढून घेऊन तिने बोट ठेवलं. "हे बघ. ह्या तारखेला पाणी दुपारी बाराला आलं. पुढचं साडेबारा तासांनी, पाच मिनिटं कमीच. म्हणजे किती वाजता?"

"रात्री बारा पंचवीसला."

"मग तारीख कुठली झाली?"

मी गप्प झालो. भरलेल्या पाण्यासारखा.

"दुसऱ्या दिवसाची झाली ना? मग ते ह्या ओळीत कसं लिहू? ह्या दिवसाला एकच पाणी. म्हणून रेघ. अवसेच्या नि पुनवेच्या मागनं एकेक रेघ पडतेच." मग तिने बोटांवर मोजलं. "वटपुनवेनंतर तू सुरू केलंस. मग अवस, पुनव, अवस, नि ही पुनव. चार रेघा. एकेका रेघेच्या जागी तू एक पाणी जास्त घातलंस, बारा तास काट्यावर फिरून तिथेच, नि वरची पंचवीस मिनिटं पुढे पळालास. शंभर मिनिटं. पावणेएकात घाल बघू."

दोन पंचवीस. तिने कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता आणि त्यातली चूक मिनिटासकट काढून माझ्या हातात ठेवली. वर पुन्हा सुकटीत हात घालून म्हणाली, "मी दिवस मोजतच नाय. मी पाणी मोजते. एकामागनं एक. दिवस कुठला ते मागनं बघायचं."

पुढची पस्तीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहिण्याच्या ह्याच धंद्यात काढली. आता कुठल्याही भाषेत तारखेत तास मिळवायला आणि वजा करायला तयार सोय असते. मध्यरात्र, महिनाअखेर, लीप वर्ष, सगळं ती आपोआप सांभाळते. पण तिच्या पोटात शिरून पाहिलंत तर तिथे मामीच बसलेली दिसेल. कुठल्यातरी एका ठरलेल्या क्षणापासून सलग मोजत राहायचं, आणि तारीख अगदी शेवटी, माणसाला दाखवण्यापुरती काढायची. आम्ही तरुण पोरं कामाला ठेवायचो तेव्हा त्यांच्याकडून हीच चूक हमखास व्हायची. वेळ पुढे ढकलायची आणि तारीख मागेच विसरायची. आणि विचित्र दिसणारी ओळ आली की ती लिहिणाऱ्याची चूक समजून गाळायची, हे तर अगदी हमखास. मी त्यांच्यावर ओरडायचो नाही. मला तो अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चपला काढून त्या थंड खोलीत गेलो आणि प्रोग्रॅम फाडून नव्याने लिहिला. पाण्यांना क्रमांक दिले, पहिल्या पाण्यापासूनचे सगळे तास सलग मोजले, चोवीसने भागून तारीख काढली. जुन्या दोन वर्षांवर चालवून पाहिला. जिथे जिथे मामीची रेघ होती, नेमक्या त्याच तारखांना माझ्याकडेही एकच भरती आली. एकही रेघ इकडची तिकडे नाही. म्हणजे दोन वर्षांत तिला एकदाही झोप लागली नव्हती. मी सरांना ते दाखवलं तर सर वहीची पानं उलटत म्हणाले, "मामींना दोन ओळींची पावतीसुद्धा आपण कधी दिली नाही रे."

नवा कागद घेऊन मी धावतच शेडवर गेलो. धाकू मिस्त्री दुसऱ्या कोणाच्या तरी होडीच्या फळीला रंधा मारत होते. मी जुना कागद खांबावरून काढला, नवा लावला आणि म्हटलं, "मिस्त्रीकाका, आता ह्यातली वेळ बिनधास्त धरा. सगळं मामीला विचारून, तिच्या वहीशी ताडून केलंय."

मिस्त्रींनी रंधा थांबवला, कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि फळीवरची साल फुंकली.

"मामीलाच विचारायचं तर मी विचारतो की. मधे तू कशाला?"